हत्यारांची पेटी

प्रत्येक घरात एक हत्यारांची पेटी असतेच. कुणाकडे ती लोखंडी असते, कुणाकडे बिस्किटांचा जुना डबा असतो, तर कुणाकडे माळ्यावरची कापडी पिशवी. आत पक्कड, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, कानस, पाना, टेस्टर, मेजर टेप, पॉलिश पेपरचे तुकडे आणि एका डबीत नाना मापांचे खिळे-स्क्रू. ही पेटी घरातल्या पुरुषांची, असं कुणी न ठरवताच ठरून गेलेलं असतं. नळ गळायला लागला किंवा खुर्चीचा पाय हलायला लागला की ती खाली येते आणि काम झालं की परत वर जाते. वर्षातले साडेतीनशे दिवस नुसती पडून. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. अशा पडून राहिलेल्या मालाला आम्ही डेड स्टॉक म्हणायचो.

आमच्या साताऱ्याच्या घरात ही पेटी आता स्वयंपाकघराशेजारच्या कोनाड्यात असते. कारण साधं आहे. मुलं पुण्याला, घरी आम्ही दोघंच. सकाळी उठल्यावर माझी बोटं आखडलेली असतात आणि ह्यांचा उजवा हात अलीकडे थोडा थरथरतो. जी कामं पूर्वी बोटांच्या चिमटीत सहज व्हायची, ती होईनात. दर वेळी शेजारच्या मुलाला हाक मारायची तर तोही कंटाळणार आणि आपल्यालाही ओशाळल्यासारखं होतं. मग एकेक करून ती कामं या पेटीनं अंगावर घेतली.

पक्कडच घ्या. गोधडी शिवताना चार-पाच थरांतून सुई आरपार ओढायची म्हणजे बोटांची परीक्षा असते. सुईचं टोक वर आलं की पक्कडीनं धरून सरळ ओढायचं. वाकडं ओढलं तर सुई मोडते. बॅगेच्या चेनची पट्टी तुटली तर चेन पक्कडीनंच सरकते. मागच्या दाराचं कुलूप फार जड आहे. त्याच्या जाड किल्लीच्या भोकात लहान स्क्रू ड्रायव्हर आडवा घातला की दांडा मिळतो आणि अर्ध्या जोरात कुलूप उघडतं. पातळ किल्लीला मात्र हे करू नये, ती पिळवटते. घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणाभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की हात घसरत नाही.

पॉलिश पेपरचे उपयोग तर मला रोज नवे सापडतात. नवी चप्पल ओल्या फरशीवर सटकते. तिच्या तळाला खरबरीत पॉलिश पेपर चांगला घासला की ती जमीन धरते. आमच्या वयात एक घसरणं म्हणजे सहा महिन्यांचं अंथरूण, त्यामुळे नवी चप्पल या घरात घासल्याशिवाय पायात जात नाही. बोथट झालेल्या कात्रीनं त्याच पेपरचे पाच-सहा काप घेतले की कात्रीला पुन्हा जरा धार येते. जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार दुमडून सुईच्या नेढ्यातून घातली की तिच्यात दोरा ओवता येतो, चष्मा चढवून पाच मिनिटं झुंजावं लागत नाही. आणि हातातून पडलेली सुई शोधायला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आहेच. एक दोरी बांधून ते फरशीवरून फिरवायचं, वाकावं लागत नाही.

आता थोडं आपल्या आचाराचं. आमच्याकडे पाणी गाळून घेतात. नळाच्या तोंडाला दुहेरी जाड सुती छन्ना बांधायचा, ही सासूबाईंची शिस्त. तो सुतळीनं बांधला की ओलाव्यानं सुतळी सैल व्हायची आणि छन्ना एका बाजूनं ओघळायचा. मग गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी एकच. एकदा गाडीचा पाईप बदलताना मेकॅनिकनं जुनी जुबली क्लिप काढून ठेवली होती. स्टीलची गोल पट्टी, तिला एक स्क्रू. तिच्या मापाची नवी क्लिप हार्डवेअरच्या दुकानातून आणली आणि छन्ना तिनं नळावर बसवला. स्क्रू ड्रायव्हरच्या दोन फेऱ्यांत घट्ट, दोन फेऱ्यांत सैल. रोज छन्ना काढायचा, गाळलेल्या पाण्यानं उलटा खळबळायचा आणि ती जीवाणी परसातल्या आडात सोडायची, हे सगळं आता न कंटाळता होतं. काम सोपं झालं की नेम टिकतो, हा माझा अनुभव आहे.

रंगाचा ब्रश ही अशीच गोष्ट. दोन इंची, मऊ केसांचा, रंगात कधीही न बुडवलेला. ओट्यावर मुंग्यांची रांग आली, शेगडीखाली, खिडकीच्या पट्टीत किंवा धान्याच्या डब्याच्या झाकणावर काही बारीक जीव दिसले, की फडक्यानं पुसलं तर ते चिरडतात. ब्रशनं अलगद कागदावर घ्यायचे आणि बाहेर सावलीत सोडायचे. मुनिमहाराजांच्या हातात मोरपिसांची पिंछी असते. आपण गृहस्थ, आपल्याला तिची बरोबरी करायची नाही. पण हेतू तोच ठेवायला ब्रश पुरतो.

एखाद्या साध्या अवजारातून काय काय निघतं, हे आपल्या भागाला शिकवावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकता-दुरुस्त करता ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे माझ्या सासर-माहेरासारखंच. मिरजेला सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांच्या हातात तर कानसच असते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा ते कानशीनं केसाएवढा घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा घासतात. त्यालाच जवारी काढणं म्हणतात. ज्या कानशीनं मी विळीला धार लावते, तिच्याच जातीच्या कानशीनं तंबोऱ्याला आवाज मिळतो.

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून कल्पना यावी. दादा-वहिनी नातेवाइकांकडे सुखरूप होते, पण खालचा मजला पूर्ण पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं साताऱ्याहून गेलो ते ही पेटी घेऊनच.

पुराचा गाळ ज्यांनी काढला आहे त्यांनाच तो कळेल. ओला असताना तो साबणासारखा बुळबुळीत आणि वाळला की सिमेंटसारखा. भिंतीला पुट्टी लावायचं रुंद पातं तिथं सर्वांत कामाला आलं. फरशी, कपाटांचे कप्पे, ओट्याच्या कडा, सगळं त्यानं खरवडलं. कुलपांतला आणि वहिनींच्या शिवणयंत्रातला गाळ आधी पाण्यानं सैल केला आणि मग सायकलच्या पंपानं हवा मारून बाहेर काढला. फुगलेल्या कपाटाची दारं ओढून उघडली असती तर फुटली असती, म्हणून बिजागऱ्यांचे स्क्रू काढून ती अख्खी उतरवली.

त्या कपाटात जिनवाणी होती. वरच्या दोन कप्प्यांतले ग्रंथ वाचले होते. खालच्या कप्प्यातले भिजून एकेक वीट झाले होते आणि त्यातच आईच्या हातची पदांची वही होती. आईनं चाळीसेक वर्षं, जिथं जे ऐकलं ते त्या वहीत उतरवून ठेवलेलं. आई जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हे आता राहू दे. विसर्जन करू."

मी म्हटलं, आठ दिवस द्या.

भिजलेली पानं ओढून उघडायची नाहीत आणि उन्हातही टाकायची नाहीत, उन्हात ती आकसतात आणि वेडीवाकडी होतात. वही सावलीत पंख्याखाली उभी ठेवली. जिथं पानं आपणहून सुटली तिथं कोरे कागद घातले आणि ते ओले झाले की बदलले. चौथ्या दिवशी पानं अर्धवट सुकली, तेव्हा पेटीतलं सर्वांत पातळ पातं घेतलं. त्याचे कोपरे आधी पॉलिश पेपरनं घासून गोल आणि बोथट केले आणि पातं आडवं ठेवून दोन पानांमध्ये सुताएवढं सुताएवढं सरकवलं. ह्यांचा हात थरथरतो म्हणून ते फक्त वही धरून बसले. दादा कागद बदलत होता. एका बैठकीत पाच-सहा पानं व्हायची. शेवटी प्लायच्या दोन तुकड्यांमध्ये वही ठेवून सुताराच्या दोन क्लॅम्पनी ती दाबली.

शाईच्या पेननं लिहिलेली सुरुवातीची पानं धुऊन गेली होती, तिथं फक्त निळसर डाग उरलेत. पण पुढं आई बॉलपेननं लिहायला लागली होती. ती पानं राहिली. मोजली तेव्हा अठ्ठ्याऐंशी भरली. आता पर्युषणात वहिनी त्याच वहीतून पदं म्हणतात.

या पेटीची दुसरीही एक बाजू आहे. आपल्या मराठीत सुताराच्या पटाशीला आणि तलवारीला शब्द एकच, हत्यार. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यात हिंसादान आहे. परशू, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्रं, साखळ्या असल्या जीव घेण्याला कारण होणाऱ्या वस्तू दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान. लहानपणी पाठशाळेत हे पाठ केलं तेव्हा वाटायचं, आपल्या घरात कुठं आहेत परशू आणि तलवार?

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा धावत आला. "काकी, पहार आहे का? पटकन द्या."

"कशाला रे?"

"जिन्याखाली साप निघालाय."

पहार दाराआडच होती. मी ती दिली नाही. ह्यांनी सर्पमित्राला फोन लावला आणि मी त्या मुलाला तिथंच थांबवून सगळ्यांना लांब उभं राहायला सांगायला पाठवलं. सर्पमित्र वीस मिनिटांत आला. त्यानं विचारलं, "एखादा पाईप आहे का?" न्हाणीघराच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाईप आमच्या परसात पडून होता, तीनेक फुटांचा. त्यानं पाईपच्या एका तोंडाला कापडी पिशवी बांधली आणि दुसरं तोंड जिन्याखाली कोपऱ्याशी ठेवलं. घाबरलेल्या सापाला अंधारं बीळ हवं असतं. तो आपणहून पाईपात शिरला आणि पिशवीत गेला. धामण होती. विषारी नसते ती, उंदीर खाऊन राहते. हे काम जाणकारानंच करावं, आपण पाईप घेऊन पुढं होऊ नये. पण पहार आणि पाईप दोन्ही आपल्याच घरातले आणि त्यातलं काय द्यायचं हे आपल्या हातात, एवढं त्या दिवशी मला नीट उमगलं.

त्याच कुदळीचं पाहा. आचार्यांनी हिंसादानाच्या यादीत जिचं नाव घेतलं, ती कुदळ कर्मवीर भाऊराव पाटलांनी गरिबांच्या मुलांच्या हातात दिली. १९१९ मध्ये काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. 'कमवा आणि शिका' म्हणत मुलं माती खणत, बागा फुलवत शिकली. वस्तू तीच, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हेतू वेगळा.

पेटी हाताशी ठेवायची तर काही पथ्यं पाळावी लागतात. स्वयंपाकघरातली पक्कड आणि ब्रश वेगळे ठेवावेत, ग्रीस लागलेली हत्यारं अन्नाजवळ आणू नयेत. गॅसच्या रेग्युलेटरला आणि विजेच्या कामाला आपली युक्ती लावू नये, माणूस बोलवावा. वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहावं, मुनींच्या आदाननिक्षेपण समितीचा आपल्यापुरता एवढा अंश घेता येतो. भिंतीत खिळा मारायच्या आधी जुन्या भोकात बॅटरीचा उजेड टाकून बघा. कुंभारमाशीनं तिथं मातीचं घर केलेलं असतं.

आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत चार रकाने आहेत. तारीख, वस्तू, कोणी नेली आणि कशासाठी. पहिले तीन मला कॉलेजात शिकवले. चौथा मी घातला आहे.

जय जिनेंद्र.