चित्रातल्या बाईचे नाव

खोडद म्हटले की कोणीही विचारतो, “दुर्बिणीचे गाव ना ते?” होय, तेच. नारायणगावाहून आत वळले, की शिवारावर डोके काढून उभ्या असलेल्या त्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. एकेकीचा व्यास ४५ मीटर. अशा एकंदर ३०. चौदा मधल्या चौकात आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. पाहुण्यांना त्यांच्या आकाराचे नवल वाटते. मला मात्र निराळ्याच गोष्टीचे वाटते. या तबकड्या पत्र्याच्या नाहीत. बारीक पोलादी तारांची जाळी दोरांवर ताणून त्या घडवल्या आहेत. दांडीवर वाळत घातलेल्या विरलेल्या लुगड्यातून आभाळ दिसावे, तसे त्यांच्यातून आभाळ दिसते.

उपमा लुगड्याचीच सुचली, याला माझे वेड कारण आहे. जुन्या पेहरावांची छापील चित्रे जमवण्याचा मला नाद आहे. घरातली मंडळी त्याला ‘कागदांचा संसार’ म्हणतात. त्यात पोर्तुगालची चित्रे फार. व्हियाना दो काश्तेलोकडची लाल घागऱ्याची, छातीभर सोने घातलेली शेतकरीण. अल्गार्व प्रांतातील डोक्यापासून पायापर्यंत काळ्या ‘बियोको’त गुरफटलेली बाई. तो बियोको पुढे १८९२ मध्ये तिथल्या सरकारनेच बंद केला. शिवाय कमरेला दोर बांधलेले फ्रान्सिस्कन साधू आहेतच.

“जुन्नर तालुक्यात बसून फिरंगी कपडे कशाला?” असे मला नेहमी विचारतात. पण आमचा आणि फिरंग्यांचा संबंध वाटतो तितका लांबचा नाही. निजामशाहीचा आरंभ १४९० मध्ये जुन्नरास झाला. तिचे मोठे बंदर चौल, आणि चौलात पोर्तुगिजांनी वखार घातली, किल्ला बांधला. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येत-जात असे. भीमाशंकरी गेलात तर तिथली मोठी घंटा पाहा. चिमाजीअप्पांनी ती वसईहून आणली असे सांगतात.

माझ्या संग्रहातले लाडके चित्र मात्र गोव्याचे. यान हाउखेन फान लिन्स्कोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून पाचेक वर्षे राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये अॅम्स्टरडॅमला निघाला. त्यात घोड्यावरचा साहेब आहे, त्याच्यावर छत्री धरणारा नोकर आहे, पालखीतून जाणाऱ्या बायका आहेत, आणि घरी झिरझिरीत बाजू घालून खाली कापड गुंडाळणारी पोर्तुगीज गृहिणी आहे. ‘बाजू’ हा शब्द मलायी, कापड हिंदी आणि बाई फिरंगी! यातूनच पुढे गोव्याचा ‘पानो बाजू’ आला; मांडो नाचताना तो आजही दिसतो. ताम्रपट कोरणाऱ्या कारागिरांनी गोवा डोळ्यांनी पाहिला नव्हता. लिन्स्कोटेनने आणलेल्या रेखाटनांवरून त्यांनी माणसे कोरली. म्हणून सगळ्यांचे दंड-पोटऱ्या पाहाव्यात तर ग्रीक पुतळ्यांसारख्या.

या चित्राची प्रत पिशवीत घालून मी गेल्या हिवाळ्यात वसईला निघालो. नारायणगावाहून माळशेजमार्गे कल्याण, तिथून दादर, आणि पुन्हा गाडी बदलून वसई. माझ्या एका स्नेह्याची मावशी तिकडच्या कुपारी समाजातली. अजून लाल लुगडे नेसणारी त्यांच्या घरातली ती शेवटची बाई. तिचा फोटो काढावा, हा माझा बेत.

आधी किल्ला पाहिला. १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षे पोर्तुगिजांनी इथे काढली. फ्रान्सिस्कनांच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीत थडग्यांच्या फरशा आहेत. त्यांवर नावे कोरलेली, हुद्दे कोरलेले. संत गोन्सालो गार्सिया याच वसईचा. नागासाकीला १५९७ मध्ये त्याला क्रुसावर मारले, तेव्हा तो याच पंथात होता.

मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. मोठ्या चौकड्यांचे लाल लुगडे, गळ्यात सोने. मी चित्र पुढे केले. तिने ते लांब धरून पाहिले आणि आपल्या बोलीत काही विचारले. भाच्याने अर्थ सांगितला,

“या बाईचं नाव काय, म्हणते.”

मी चित्राखालच्या ओळी पाहिल्या. लॅटिन होती, डच होती. नाव नव्हते. ‘पोर्तुगीज स्त्री’, एवढेच.

“नाव नाही लिहिलेलं,” मी म्हणालो.

“चित्र काढलं आणि नाव नाही विचारलं?” मावशी हसली. “मग तुम्ही तरी माझं कशाला विचाराल!”

मी वरमलो. खरेच, तासाभरात मी लुगड्याचा वार विचारला, रंग विचारला, ते कुठे मिळते तेही विचारले होते. नाव विचारले नव्हते. वहीत मी लिहून ठेवले होते, ‘कुपारी स्त्री, पारंपरिक वेष’.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये ख्रिस्ती माणसांना हिंदू पद्धतीचा पोशाख करायला बंदी घातली होती. धोतर नको, चोळी नको. तीनच वर्षांनी वसई मराठ्यांनी घेतली. फर्माने गेली, सत्ता गेल्या, आणि लुगडे मात्र या अंगणापर्यंत आले. आता त्याला कोणाची बंदी नाही. मावशीच्या सुना चांगल्या आहेत, पण त्यांना लोकल गाठायची असते. “माझ्या मागं ते पेटीत जाईल,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

फोटोसाठी मी तिला चर्चपाशी उभे राहायला सांगणार होतो. ती शेंगांची सुपली सोडायला तयार होईना. तसाच फोटो घेतला. मान खाली, बोटे शेंगांत. पुढे त्याची प्रत पाठवली, तेव्हा तिने एक प्रत परत धाडली. पाठीमागे पेन्सिलीने, शाळकरी अक्षरांत, तिचे संपूर्ण नाव. बरोबर भाच्याचा निरोप, “मावशी म्हणते, मासिकात छापायचं नाही. घरात ठेवायचं.”

म्हणून इथे ते छापलेले नाही. खोडदच्या घरी ती तसबीर लिन्स्कोटेनच्या बाईशेजारी लावली आहे. खिडकीतून एक तबकडी दिसते. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ती झेलत असते. कोणी पाहुणा आला आणि तसबिरीकडे बोट करून “ही कोण?” म्हणाला, की मी ती खिळ्यावरून उतरवतो आणि उलटी करून त्याच्या हातात देतो.