आजीच्या मापाचे गोटे

सेलूहून घोराड काही दूर नाही, पण सडकेनं जाणं आजीला कधी पटलं नाही. "सडक मोटारीची हाय, आपली पांदणच बरी," म्हणायची. बोर नदीच्या अंगाअंगानं, वावरांमधून जाणारी पांदण. आषाढीला लांबलांबची माणसं केजाजी महाराजांच्या या घोराडला, विदर्भाच्या पंढरीला येतात. आजी दर एकादशीला जायची आणि तिच्या लुगड्याचा पदर धरून मी.

पावसाळ्यात काळी माती पायाला अशी चिकटायची की पाऊल उचलताना आपलाच पाय परका वाटावा. म्हणून मृगाआधी वावरवाले, त्यांचे सालदार आणि एकादशीवाल्या बाया मिळून पांदण नीट करत. बंडीनं मुरूम यायचा, बाभळीच्या आडव्या फांद्या तोडल्या जायच्या, घमेली या हातातून त्या हातात जायची. पावती नाही, पाटी नाही. दुपारी कांदा-भाकर मात्र ज्याच्या वावराशी काम पोचेल त्याच्याकडे.

मधे एक नाला होता. एकदा पाणी गुडघ्यावर आलेलं, आजी थांबली. पलीकडे एक सालदार बैल धूत होता. त्याला तिनं ओरडून सांगितलं, "विठोबाले सांगजो बाबू, मी आली होती, नाल्यानं जाऊ नाई देल्लं." आणि निवांतपणे माघारी वळली.

पुढे कधीतरी विनोबांची हकिकत वाचली, तेव्हा मी चमकलोच. सुरगाव आमच्याच तालुक्यातलं. 1946 पासून जवळपास दोन वर्षं विनोबा पवनारहून रोज तिथे गावसफाईला चालत जात. एकदा वाटेतला नाला भरून वाहत होता, तर त्यांनी पलीकडच्या माणसाकडे देवळातल्या देवासाठी निरोप दिला, की सफाई करणारा येऊन गेला. आजीनं ही गोष्ट कुठे ऐकली होती की तिचं तिलाच सुचलं, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

निरोप विठोबाला पोचला की नाही माहीत नाही, सालदाराला पोचला. पुढच्या एकादशीला नाल्यात सात गोटे मांडलेले. चपटे, हलू नयेत म्हणून खालून चिपांनी दाबलेले. पूर आला की तेही बुडत, पण पूर उतरला की वाट मोकळी. मी दोन-दोन गोटे उडी मारून ओलांडायला गेलो आणि पाण्यात पडलो. वर जाऊन त्यालाच म्हणालो, गोटे फारच जवळजवळ आहेत. तो हसला. "हे तुह्या टांगेचे नाईत बाबू. मायच्या लुगड्याच्या मापाचे हायेत."

नोकरीत चाळीस वर्षं बाहेर गेली. त्याला मी काही दिलं नाही. तो गेल्याचंही कोणीतरी उशिरा सांगितलं. गेल्या साली खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सपाट, मऊ वाटेवर रोज चालायला सांगितलं. सडकेवर ट्रकांचा धाक. मग काठी घेऊन पांदणीला लागलो. मुरूम अजून पडतो. टाकणारे नवे आहेत, मला ओळखत नाहीत. "काकाजी, इकून या, तिकडं घसरते," एवढं मात्र सांगतात.

नाल्यावर आता सिमेंटचा पाइप आहे. त्याच्या बाजूला जुन्यांपैकी चार गोटे उरलेत. पाणी नव्हतं, म्हणून उतरलो. पहिल्या गोट्यावर पाय ठेवला, मग दुसऱ्यावर. अंतर बरोबर माझ्या पावलाएवढं होतं.