चिगरीच्या वाटेवरचं घर

मुधोळचं कुत्रं वासावर नाही, नजरेवर शिकार करतं. लांबट निमुळतं डोकं, खोल छाती, खपाटीला गेलेलं पोट, काटकुळे लांब पाय. दूर माळावर ससा उठलेला दिसावा आणि दिसला की गाठावा, एवढ्याच कामासाठी तो देह घडलेला. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला जोडी भेट दिली असं सांगतात. महाराष्ट्रात याच कुत्र्यांना कारवान म्हणतात आणि लांब केसांच्यांना पश्मी. 2005 साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंड तिकिटावरही आणलं. या सगळ्या थोरवीचा आमच्या चिगरीला आता उपयोग नाही, कारण तिला दिसत नाही.

(नाव आमचं आधीचं. धारवाड-हुबळीच्या रस्त्यावर ‘चिगरी’ बस 2018 मध्ये धावायला लागल्या, तेव्हापासून लोक विचारतात, बसवरून ठेवलं का? इकडे कानडीत काळविटाला चिगरी म्हणतात आणि पिलू असताना ही तशी उड्या मारत चालायची, इतकंच.)

म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यात निळसर झाक आली की माणसं घाबरतात. बहुतेकदा तो मोतीबिंदू नसतो. वयानं भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, त्याची ती झाक. त्यानं दिसणं फारसं अडत नाही. चिगरीच्या मात्र दोन्ही डोळ्यांत पांढरं, दुधी पडलं. डॉक्टरांनी हृदय तपासलं, वय विचारलं आणि शस्त्रक्रियेचा विषय स्वतःच मिटवला. “घर तिच्यासाठी लावा,” म्हणाले.

घर लावणं हे तर माझं आवडतं काम. दर दिवाळीला सोफा खिडकीखालून भिंतीकडे, कपाट या खोलीतून त्या खोलीत, कुंड्यांची रांग नव्यानं. पाहुण्यानं आल्या आल्या “अगं, वेगळंच वाटतंय” म्हणावं, यात माझं सुख. चिगरीच्या लेखी नीटनेटकेपणाचा अर्थ याच्या बरोबर उलटा. जे काल जिथं होतं ते आज तिथंच असलं पाहिजे, मग ते कुरूप का असेना. आमच्या सासूबाईंचा स्वयंपाकघरात हाच कायदा होता. अंधारात हात घातला तरी मिठाचा डबा हाताला लागला पाहिजे, नाहीतर ते घर कसलं. वीज गेली की माझी धांदल उडायची आणि त्या काळोखातच फोडणी द्यायच्या. तेव्हा मला तो हट्ट वाटे. आता त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिलाय, बसल्या जागेवरून त्या माझ्याकडे आणि कुत्रीकडे आळीपाळीनं बघतात. बोलत काही नाहीत, पण चेहऱ्यावर सगळं असतं.

आंधळं कुत्रं घर पाठ करतं, ते नाकानं आणि तळव्यांनी. हे एकदा उमगलं की काम सोपं होतं. दिवाणखान्यात चकचकीत टाइल्स, तिथं तिचे मागचे पाय फाकत. संधिवात झालेल्या कुत्र्याला घसरण्याची एकदा धास्ती बसली की ते उठायचंच टाळतं. न उठल्यानं स्नायू आणखी वाळतात. म्हणून दारापासून तिच्या अंथरुणापर्यंत गोणपाटाची पट्टी टाकली. पण सुटं गोणपाट म्हणजे सासूबाईंच्या पायाला सापळा. कुत्रीला खरखरीत हवं, म्हातारीला सपाट हवं. शेवटी मागे रबर लावलेलं काथ्याचं पायपुसणं अखंड लांबीचं आणून कडा फरशीला चिकटवल्या. मागच्या पडवीत जुनी शहाबादी फरशी आहे, तिला काहीच करावं लागलं नाही. तो खडबडीत दगड दोघींनाही मानवतो. नख्या मात्र वरचेवर कापाव्या लागतात. चालणं कमी झालं की त्या झिजत नाहीत आणि वाढलेली नखी पंजाच टेकू देत नाही.

अंथरूण कौदीचं. जुन्या सुती साड्यांचे थर घालून शिवलेल्या कौद्या इकडे घरोघर असतात. या जातीच्या अंगावर चरबी नावालाच, हाडं थेट जमिनीला लागतात. कोपरांवर घट्टे पडतात, त्यात पाणी भरतं. एक कौदी पुरत नाही, तीन लागतात. त्या धुतल्या तरी एक नेहमी न धुतलेली ठेवायची, नाहीतर तिला स्वतःची जागाच सापडत नाही. स्वच्छतेचा माझा आग्रह इथं हरला.

घराची खरी परीक्षा नळाच्या दिवशी. मलप्रभेचं पाणी सौंदत्तीच्या रेणुकासागरातून आमच्यापर्यंत येतं, पण रोज येत नाही. 2008च्या सुमारास हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांतल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, ती मंडळी भाग्यवान. आमच्याकडे नळ आला की बादल्या, पिंप, घागरी, पाइप सगळं अंगणात पसरतं आणि दोन तास घराला घरपण राहत नाही. चिगरी त्या पसाऱ्यात गोठल्यासारखी उभी राही. आता पिंपांच्या जागा ठरल्यात, पाइप खुंटीवर आणि घागरी एकाच भिंतीला. पाणी भरणाऱ्या माणसाला थोडं जास्त चालावं लागतं, इलाज नाही.

पाणी मोजून वापरायच्या सवयीचा एक फायदा झाला. चिगरीचं मातीचं भांडं मी तांब्यानं भरते. एका उन्हाळ्यात ते तांबे वाढले. उन्हामुळे, असं कुणीही म्हटलं असतं, पण पाऊस लागला तरी कमी होईनात. म्हाताऱ्या कुत्र्याची तहान वाढली तर मूत्रपिंड तपासायला हवं, साखरही. रक्त तपासलं, मूत्रपिंडाचं दुखणं सुरुवातीलाच सापडलं. ज्यांच्या नळाला सदा पाणी त्यांच्या हे लक्षात यायला उशीर लागेल, असं मला उगीच वाटतं. तेव्हापासून आहार बदलला. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी आयुष्यभर खाल्ली, आता डॉक्टरांनी लिहून दिलेलं खाणं. त्यावर भाकरीचा एक घास, तोही गोळी लपवायला. आल्यागेल्यानं आणलेला पेढा तिला द्यायचा नाही, हे मात्र अख्ख्या धारवाडला समजावणं कठीण.

माणसांची दुखण्यावरची गोळीही द्यायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक. शेजारच्या अक्का प्रेमानंच म्हणाल्या होत्या, “ताई, माझी गुडघ्याची गोळी अर्धी द्या की. मैलारप्पाचं कुत्रं आहे, त्याचे हाल करू नये.” मैलारप्पा म्हणजे आपला खंडोबा. देवाचं नाव मी मान्य केलं, गोळी परत केली.

बागेत मी जास्त रमले. आमची माती काळी, एरी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पंजाला किलोभर चिकटते. बारीक पायांच्या कुत्रीनं त्यातून चालायचं कसं? म्हणून मागच्या दारापासून तुळशी वृंदावनापर्यंत, तिथून आंब्याकडे, आंब्याकडून परत, अशी लाल मुरमाची वाट केली. कडेला वीतभर दूर्वा वाढू दिल्या. पायाखाली खडे आहेत तोवर वाट बरोबर, गवत लागलं की वळायचं. हे तिला शिकवावं लागलं नाही.

वाटेच्या दोन्ही बाजूंच्या गुलाब आणि बोगनवेलीच्या खालच्या फांद्या तिच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत छाटल्या. न दिसणाऱ्या डोळ्यालाही काटा लागतो आणि दुखतो. देवासाठी लावलेली कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्ही विषारी, कुंपणाबाहेर गेल्या. सासूबाईंना देवपूजेला जास्वंद आणि पारिजातक चालतो, त्यामुळे वाद झाला नाही. एरंडीची पेंड मात्र पूर्ण बंद. बाग करणाऱ्यांना ती स्वस्त आणि गुणकारी म्हणून प्रिय, पण तिच्यात रायसिन नावाचं जहाल विष राहू शकतं. हाडांच्या चुऱ्यात मिसळून घातली तर कुत्रं वासानं माती उकरून खातं. आम्ही शेणखत आणि कडुनिंबाच्या पेंडीवर भागवतो. शेवंती थोडी रुसली. चालेल.

रात्र हा वेगळा धडा. दिवसभर झोप आणि रात्री घरभर फेऱ्या, कोपऱ्यात डोकं लावून उभं राहणं, ओळखीच्या दाराच्या बिजागरीकडच्या बाजूनं बाहेर पडायचा प्रयत्न. माणसांसारखा विसरभोळेपणा कुत्र्यांनाही येतो. त्यावर मी शोधलेलं औषध एवढंच: संध्याकाळी झोपू द्यायचं नाही, मुरमाच्या वाटेवर सावकाश दोन फेऱ्या, झोपण्याआधी पुन्हा बाहेर, आणि कोपऱ्यात टोपल्या ठेवून कोपरेच बुजवायचे. गणपतीचं मखरही आता तिच्या वाटेत बसत नाही, पश्चिमेच्या भिंतीला बसतं.

यंदा वृंदावनाला तडा गेला. काळ्या मातीवरचं बांधकाम, ती फुगते आणि आकसते, तडा जायचाच. गवंडी येऊन बघून गेला. जागा दोन फूट पुढे घेऊ, तिथं मुरूम घट्ट आहे, ऊनही चांगलं, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. मी म्हटलं, पाया खोल खणा, खडी भरा, पण जागा हीच. कारण सांगितल्यावर त्यानं मान हलवली, सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “ती म्हणते तसंच कर रे.” मग वहीत हिशेब मांडत बसला. खड्डा अडीच फूट, खडीची अर्धी गाडी, आणि काम चालेल ते तीन दिवस कुत्रीनं वळायचं कुठं, हे मी ठरवायचं.