तुमचा डॉक्टर कोणता?

काही प्रश्न असे असतात, की उत्तर देताना माणूस आपलं वयही सांगून टाकतो. आमच्या बेळगावात एखादीला "तुमचं जुनं मॅट्रिक, का एस.एस.एल.सी.?" एवढं विचारलं की पुरे. ब्रिटनमध्येही असा एक प्रश्न आहे : "तुमचा डॉक्टर कोणता?"

हा दवाखान्यातला डॉक्टर नव्हे बरं का! 'डॉक्टर हू' नावाची बीबीसीची मालिका आहे, तिचा हा नायक. 23 नोव्हेंबर 1963, शनिवार, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला तिचा पहिला भाग लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झालेली. सगळं जग त्या बातमीत बुडालेलं. म्हणून पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा लावला. अशी अवघडलेली सुरुवात झालेली ही मालिका 1989 पर्यंत चालली, मग बंद पडली, आणि 2005 साली पुन्हा उभी राहिली. आज जे आजोबा आहेत ते पहिला भाग पाहताना शाळकरी पोरं होते.

गोष्ट तशी सोपी. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. पोलिसांना फोन करण्यासाठी पूर्वी रस्त्यावर निळ्या पेट्या असत, तसल्या पेटीत बसून तो काळात मागेपुढे फिरतो. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आत मात्र वाडा मावेल एवढी. बरोबर कुणीतरी सोबती असतो, बहुतेक वेळा एखादी मुलगी. आणि मरायला टेकला की हा डॉक्टर मरत नाही, त्याचं रूप बदलतं. चेहरा नवा, स्वभावही थोडा नवा, आठवणी मात्र जुन्याच.

ही युक्ती सुचली ती अडचणीतून. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. मालिका तर चालू ठेवायची होती. तेव्हा 1966 साली त्यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन यांना आणलं, आणि डॉक्टरला रूप पालटता येतं असं गोष्टीतच बसवून टाकलं. घरात एखादी गोष्ट संपली की आपण दुसरी घालून स्वयंपाक निभावतो आणि पुढे तीच त्या घरची रीत होते, तसंच झालं हे. म्हणून प्रत्येक पिढीचा डॉक्टर वेगळा. ज्याला पाहत तुम्ही मोठे झालात तो तुमचा.

माझी धाकटी नणंद लग्न होऊन लेस्टरला गेली. तिचे यजमान तिथेच लहानाचे मोठे झालेले. एकदा मी तिच्याकडे असताना त्यांचे शाळेपासूनचे दोघे मित्र चहाला आले. तिघंही साठीच्या आसपास. मला वाटलं, आता रक्तदाब, पेन्शन, मुलांची लग्नं निघणार. पण निघाला डॉक्टर. एकाचा डॉक्टर जॉन पर्टवी, मखमली कोट आणि जुन्या पिवळ्या मोटारीवाला. बाकी दोघांचा टॉम बेकर, कुरळ्या केसांचा, मोठ्या डोळ्यांचा. पहिला म्हणतो, तुमच्याला नुसता पोरकटपणा जमतो. हे म्हणतात, तुझ्याला कपडे मिरवण्याखेरीज काय येत होतं? मी उठून आत जायला लागले तर नणंद म्हणाली, "वैनी, बस की! ह्यांचं हे दर खेपेला असंच असतंय."

मग सोफ्याची गोष्ट निघाली. डालेक नावाचे लोखंडी शत्रू आले की तिकडची पोरं सोफ्याच्या मागे लपून मालिका बघायची. भीती वाटतेय आणि बघायचंही आहे! एका पिढीची ही आठवण एवढी सारखी आहे, की 'सोफ्यामागून' हा शब्दच या मालिकेच्या नावाशी चिकटून बसला आहे.

टॉम बेकरचा डॉक्टर 1974 पासून 1981 पर्यंत होता. त्याच्या गळ्यात रंगीत पट्ट्यांचा लांबलचक मफलर असे. त्या मफलरची गोष्ट बायकांनी ऐकावी अशी आहे. वेशभूषा करणाऱ्याने बेगोनिया पोप नावाच्या विणणाऱ्या बाईंकडे भरपूर लोकर दिली, हवे ते रंग निवडता यावेत म्हणून. बाईंनी दिली तेवढी सगळी लोकर विणून टाकली. मफलर जमिनीवर लोळायला लागला, आणि नेमका तोच सगळ्यांना आवडला. पुढे कितीतरी घरांत आयांनी, आज्यांनी उरलेल्या लोकरीचे गुंडे काढून पोरांसाठी तसे मफलर विणले.

नणंदेच्या सासूबाईंनीही विणला होता. त्यांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं. पण दर शनिवारी सुया घेऊन त्या लेकाशेजारी बसायच्या. लेक सोफ्यामागे गेला की "गेला रे तो, ये आता बाहेर" म्हणून सांगायच्या. त्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मफलर ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला आहे. त्या दिवशी तो बाहेर काढला, तेव्हा मघापासून भांडणारे तिघंही गप्प झाले. एकाने त्याचं टोक हातात धरून नुसतं ठेवलं. ही माणसं मालिकेविषयी बोलत होती असं तोपर्यंत मला वाटत होतं. ती शनिवारच्या संध्याकाळविषयी बोलत होती. तेव्हा आई शेजारी बसलेली असे.

आता यातली दुःखाची गोष्ट सांगते. पहिल्या सहा वर्षांत या मालिकेचे 253 भाग झाले. त्यातले नव्वदहून अधिक आज चित्ररूपात नाहीत. चित्रफीत तेव्हा महाग, पुन्हा पुन्हा दाखवण्याच्या हक्कांवर बंधनं, आणि घरोघरी व्हिडिओ येतील ही कल्पना कुणाला नाही. म्हणून बीबीसीने जुन्या फिती पुसून त्यांवर नवे कार्यक्रम घेतले, चित्रपटाच्या रिळांवरच्या प्रतीही टाकून दिल्या. 1978 च्या सुमाराला हे थांबलं.

पण एकाही भागाचा आवाज हरवलेला नाही. का, तर काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भाग ध्वनिमुद्रित केले होते. घरच्यांना तेवढा वेळ खोकायचीही चोरी! मोठ्या संस्थेने जे पुसलं ते शाळकरी मुलांनी माळ्यावर जपलं. पुढे परदेशी विकलेल्या प्रतींमधूनही काही सापडलं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगहून चार भागांची एक अख्खी कथा परत आली. 2013 साली नायजेरियातल्या जोस शहरात सापडलेले नऊ हरवलेले भाग जाहीर झाले. ज्यांनी लहानपणी ते पाहिले होते, त्यांना पंचेचाळीस वर्षांनी ते पुन्हा दिसले.

हे ऐकताना मला आमच्या घरची एक वही आठवत होती. आमच्या आजेसासूबाई हळदीला, बारशाला गाणी म्हणायच्या. त्यातली निम्मी त्यांच्याबरोबर गेली. उरली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शाळेच्या वहीत उतरवली म्हणून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आवडायची म्हणून लिहिली, एवढंच. त्या टेपरेकॉर्डरवाल्या पोरांचंही तसंच असणार. जपणारा माणूस आपण काही जपतोय म्हणून जपत नाही. त्याला ते पुन्हा ऐकायचं असतं.

आणि ऐकत राहिलेलेच पुढे मालिकेचे धनी झाले. 2005 साली ती पुन्हा उभी करणारे रसेल टी. डेव्हिस लहानपणापासूनचे चाहते. डेव्हिड टेनंट डॉक्टर पाहूनच नट व्हायचं म्हणाला आणि डॉक्टर झाला. पीटर कपाल्डीने शाळकरी वयात मालिकेची तारीफ करणारं पत्र लिहिलं, ते 1974 साली 'रेडिओ टाइम्स'मध्ये छापून आलं. तोही पुढे डॉक्टर झाला. 2017 च्या जुलैत विम्बल्डनचा अंतिम सामना संपल्यावर नवा डॉक्टर जाहीर झाला, ती होती जोडी व्हिटेकर. पहिली स्त्री-डॉक्टर! काही जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. नणंदेची मुलगी मात्र घरभर नाचली होती म्हणे. तिला तिचा डॉक्टर मिळाला.

बायकांचा हात तसा पहिल्या दिवसापासून होता. पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट काम हाती घेताना 27 वर्षांची होती. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी स्त्री-निर्माती नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन आपल्या लखनौत जन्मलेले. 1947 साली विलायतेत गेलेल्या लेखिका अतिया हुसेन यांचे ते चिरंजीव. एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी मुलगा, त्या काळच्या बीबीसीत दोघंही पाहुण्यासारखेच.

त्यांच्या मालिकेला पंजाबात यायला मात्र पंचावन्न वर्षं लागली. 2018 मधला फाळणीवरचा भाग नणंदेने मला मुद्दाम दाखवला. यास्मिन या मुलीच्या आजीकडे एक फुटकं घड्याळ आहे. त्यामागची गोष्ट आजी सांगत नाही. नात डॉक्टरबरोबर 1947 च्या ऑगस्टमध्ये जाते, आणि तिला कळतं की आजीचं पहिलं लग्न प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी झालं होतं. नव्या सरहद्दीवर लग्न लागतं, आणि ते लावते डॉक्टर. लगेच प्रेम मारला जातो. डॉक्टरला सगळा काळ फिरता येतो, पण ते थांबवता येत नाही. थांबवलं तर नातच जन्माला येणार नाही.

आम्ही सीमाभागातली माणसं. आमच्याकडची रेघ पंजाबसारखी रक्ताने ओढली गेली नाही, पण रेघ म्हणजे काय ते आम्हाला कळतं. तो भाग संपल्यावर नणंदेची मुलगी हळूच म्हणाली, "मामी, आपल्याकडच्या आजीचं असं काही आहे का, जे तिने कुणाला सांगितलं नाही?" माझ्या सासूबाई तेव्हा ब्याऐंशीच्या होत्या. मी म्हटलं, "ते मी कशी सांगू? तूच विचार की. बेळगावात आता सकाळ झाली असेल."

तिने फोन लावला. त्या दोघी दोन तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. ते आता तिच्याकडे आहे.