याले शेकता येते का?

तीन हजार आठशे रुपयांचा स्नेअर ड्रम घ्यावा की घेऊ नये, यावर आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी थर्मोडायनॅमिक्सवर झाली असती, तर यंदा एकीलाही एटीकेटी लागली नसती! गॅदरिंगसाठी आठ जणींनी पाचशे-पाचशे काढले, जमले चार हजार. वाजवणार मी. कारण कॉन्व्हेंटच्या बँडमध्ये चार वर्षं साइड ड्रम माझ्या गळ्यात होता. त्यामुळे निर्णयही माझ्याच गळ्यात पडला.

फक्त माझे पैसे असते तर मी एवढा विचार केला नसता. पण आमच्या आठ जणींत एक तिवसा तालुक्यातली आहे. तिचे पाचशे म्हणजे तिच्या आईची कापूस वेचायची दीड दिवसाची मजुरी. काही न बोलता उशीच्या अभ्र्यातून नोटा काढून तिने माझ्या हातावर ठेवल्या. तेव्हापासून 'स्वस्तात मस्त' हे शब्द मला जरा बोचायला लागले.

तिच्याच आग्रहाने आम्ही पुण्यतिथी महोत्सवाला गुरुकुंज मोझरीला गेलो. अमरावतीहून नागपूरला जाताना हायवेवरच लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये इथे आश्रम स्थापन केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला इथेच देह ठेवला. मी लहानपणापासून या रस्त्याने गेलेय, पण उतरले पहिल्यांदाच. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. एवढा अफाट जनसमुदाय, आणि एकदम सगळं थांबतं. ढोलकी, टाळ, लाऊडस्पीकर, चहावाल्याची आरोळी, सगळं. आवाज करणारी वस्तू विकत घ्यायला निघालेल्या मुलीला ती शांतता फारच जाणवली, एवढंच म्हणते.

आणि खंजिरी! महाराजांचा फोटो आणि हातात खंजिरी नाही, असं वऱ्हाडात सहसा दिसत नाही. एका हातात मावणारं हे वाद्य घेऊन महाराज गावोगाव फिरले, १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही गेले. माझ्या मैत्रिणीचे आबा भजनी मंडळात खंजिरी वाजवतात. मी त्यांना मोबाइलवर ड्रमचा फोटो दाखवला.

"केवढ्याचा हाये?"

"तीन हजार आठशे, आबा."

"चामडं कायचं हाये?"

"चामडं नाही, प्लॅस्टिकचं पान आहे."

"मंग याले शेकता येते का?"

सगळ्या खो-खो हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. चामडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून डफडंवाले वाजवायच्या आधी जाळावर धरतात. दक्षिणेत याच्या उलट, कंजिराच्या आतल्या बाजूला पाणी लावून आवाज मुद्दाम खाली आणतात. शेवटी सगळा खेळ ताणाचा! पानाची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे स्वर दुप्पट उंच करायचा तर ताण चौपट लागतो. स्नेअरवर १९५० च्या दशकात पॉलिएस्टरचं पान आलं आणि ओलाव्याची कटकट संपली. म्हणून आबांना उत्तर असं, की शेकता येत नाही, शेकायची गरजही नाही, पण तो चौपट ताण आयुष्यभर लोखंडी कड्याने आणि स्क्रूंनी पेलायचा आहे. आणि स्वस्त ड्रममध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते.

अजून एक गोष्ट मला मोझरीतच कळली. खंजिरीला झांजा असतात, स्नेअरच्या खालच्या पातळ पानाखाली तारा असतात. काम एकच. नुसत्या पानाचा आवाज 'ढप्' एवढाच. साध्या गोल पानाची कंपनं १, १.५९, २.१४ अशा आडनिड्या पटीत असतात, म्हणून त्यातून नीट स्वर निघत नाही. तबल्या-मृदंगाला शाई लावून आपल्याकडच्या कारागिरांनी या पटी जवळपास पूर्णांकात आणल्या. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये यावरच लिहिलं होतं. खंजिरीने आणि स्नेअरने ती वाट सोडली आणि सरळ छनछनाटाची सोबत घेतली. कॉन्व्हेंटच्या बँडमधलं माझं वाद्य आणि आबांचं वाद्य चुलतभाऊ निघाले!

असो. परत आल्यावर आम्ही दोघी दुकानात गेलो. ड्रम वाजवून बघण्यात काही अर्थ नसतो, नवीन असताना सगळेच वाजतात. पान बदलता येतं, ताराही बदलता येतात. पण खोड, म्हणजे ती स्टीलची गोल भिंत, वाकडी असेल तर कितीही स्क्रू पिळा, ताण सारखा बसत नाही. म्हणून मी दुकानदाराला म्हटलं, "काका, वरचं पान काढून बघू?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "काढा, पण तुम्हीच बसवून द्यायचं."

काढलं. काउंटरच्या काचेवर खोड पालथं ठेवलं, आत मोबाइलचा टॉर्च लावला आणि दिवा बंद करायला सांगितला. कड सपाट असेल तर प्रकाश बाहेर यायला नको. दोन जागी रेघ दिसली, एक तर चांगली बोटभर लांब. दुसरा नग मागितला. काका पुटपुटले, पण दिला. त्यातून काहीच दिसलं नाही. मग तारांची लिव्हर वीस वेळा वर-खाली केली, कारण स्वस्त ड्रमची आधी तीच मरते. थोडी कडक होती, पण धरत होती. मैत्रीण शेजारी उभी राहून मोजत होती, "अठरा, एकोणवीस..." विसाव्याला तीच म्हणाली, "घे वं."

घेतला. उरलेल्या दोनशेत काड्या आल्या. स्टँडला चौदाशे सांगत होते, तो दुकानातच ठेवला. वर्कशॉपच्या सरांनी भंगारातले पाइप दिले, वेल्डिंग आमचं आम्हीच केलं. दिसायला स्टँड हातपंपासारखा आहे, पण हलत नाही.

वरचं पान मार्चपर्यंत टिकेल, मग बदलावं लागेल. त्यासाठी महिन्याला दर डोई वीस रुपये काढायचे ठरलंय. मैत्रिणीने आबांची जुनी खंजिरी मागून आणलीय, गॅदरिंगला दोन्ही एकत्र वाजणार. ती एकटी वाजवते तेव्हा मी लिव्हर खाली पाडते, नाहीतर कोणी हात न लावताही माझ्या तारा कुरकुरायला लागतात. रेक्टर मॅडमनी सरावाला संध्याकाळी सहा ते सात दिलेत. पावणेसातलाच खालून बेल वाजते, ती गोष्ट वेगळी.