बद्द आवाज

आपल्याकडे मडके घेताना बोटाने टिचकी मारून पाहतात. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. ही विद्या विमानालाही लागते, हे मला मामाच्या गॅरेजात समजले.

माझा मामा अमेरिकेत, ओहायो राज्यात डेटनजवळ राहतो. डेटन हे राइट बंधूंचे गाव. १९०३ च्या आपल्या विमानाचे पंखे त्यांनी स्वतः लाकडातून घडवले होते. मामानेही सहा वर्षे खपून दोन माणसांचे विमान घरीच बांधले. त्यातून मला फिरवून आणायचे, हा त्याचा जुना बेत. मी सुट्टीत गेलो, तेव्हा धावपट्टीवरचा खडा उडून पंख्याच्या पात्याला लागलेला होता. आत लाकडाचा गाभा आणि वर इपॉक्सीत भिजवलेल्या कार्बन-धाग्यांचे थर, असे ते पाते. कडेला नखाएवढा टवका उडाला होता.

मामाने हिशेब मांडला. पंख्याचा व्यास ६८ इंच. मिनिटाला २७०० फेरे झाले, की पात्याचे टोक ताशी सुमारे ८८० किलोमीटर वेगाने धावते. तिथला १० ग्रॅमचा तुकडा उडाला, तर इंजिनाला एका बाजूने ७० किलोची ओढ बसते. वरवरचा टवका इपॉक्सीने भरून, घासून, पंख्याचा तोल पाहून चालतो. पण आतले थर सुटले असतील, तर ते काम घरच्या हाताचे नव्हे.

मामा नाण्याने पाते वाजवत गेला. टण्, टण्, टण्... आणि टवक्यामागे चार बोटांवर आवाज बसला. मामी दारात उभी होती. ती सोलापूरची.

"बद्द वाजतंय," ती म्हणाली.

माझे परतीचे तिकीट पंधरा दिवसांवर आलेले. टवका भरून रंग दिला असता, तर कोणाला दिसले नसते. तो आवाज आम्ही तिघांनीच ऐकला होता. मामा काही बोलला नाही. त्याने पंखा उतरवला आणि नव्याचा अर्ज काढला.

इंजिनाची अश्वशक्ती, फेरे, विमानाचा वेग, बोल्टांची मापे, पंखा कोणत्या दिशेने फिरतो, सारे त्यात लिहायचे. शेवटी 'पिच', म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती इंच पुढे सरकेल तो आकडा. तो वाढवला तर वेग मिळतो, कमी ठेवला तर विमान चांगले चढते. पाती घट्ट बसवलेल्या पंख्यात दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. वेगाची हौस असलेल्या मामाने यंदा आकडा कमी लिहिला. त्यांच्या धावपट्टीच्या टोकाला उंच झाडे आहेत.

मी न उडताच परतलो. नवा पंखा थंडीत आला. चाचणीची उड्डाणे मामाने एकट्याने केली. मग त्याने एक फोटो पाठवला. शेजारच्या आसनावर मामी बसली होती. इतक्या वर्षांत ती त्या विमानात एकदाही बसलेली नव्हती.