आज तिथी कोणती?

"आज तिथी कोणती गं?" अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या एका बाईनं दुसरीला विचारलं. डोक्यावर टोपली, टोपलीवर एक हात, दुसऱ्या हातात चपला. "दशमी," दुसरी म्हणाली. "मग साडेसातला भरतंय. टाइम आहे अजून." त्या दोघींच्या मागे मी उभी होते, पाठीला पिशवी, पिशवीत पाच-सहा दिवसांचे कपडे. माझ्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्याचा इथे काही उपयोग नाही हे मला तेव्हाच कळलं.

सव्वीस वर्षं मी विरारला राहते. इतकी वर्षं माझा दिवस लोकलच्या मिनिटांवर चालला. एक गाडी चुकली तर पुढची किती मिनिटांनी, ती किती डब्यांची, दादरला कुठल्या बाजूला उतरायचं, हे सगळं तोंडपाठ. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असायची, पण ती पाहायची चतुर्थी-एकादशीच्या उपासापुरती. त्याच तिथीत माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या समुद्राचं वेळापत्रक छापलेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. दशमीचे तीस, भागिले चार, साडेसात. पौर्णिमेचे पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. कृष्णपक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. सकाळी एकदा, रात्री एकदा. थोडं मागंपुढं होतं, पण होडी ओढायला तेवढा हिशेब पुरतो.

विरार पश्चिमेहून आगाशीमार्गे अर्नाळ्याला बस जाते. वाटेत अजून केळीच्या बागा दिसतात, जरी दरवर्षी थोड्या कमी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली इथली सुकेळी ज्यांनी खाल्ली नाहीत, त्यांनी ती एकदा जरूर खावीत. मी दोन पुडे घेतले होते, एक माझ्यासाठी आणि एक मावशींसाठी. मावशी म्हणजे माझी मासळीवाली. अठरा वर्षं मी त्यांच्याकडून बोंबील घेते. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, की किल्ल्यात आमची जाळी ठेवायची खोपी आहे, अगदी दर्याला लागून, रात्री झोपलं तर लाट उशाशी येते. तेव्हापासून ती खोपी माझ्या डोक्यातून गेली नाही. शेवटी पौष महिन्यात मी विचारलंच, "मावशी, पाच-सहा रात्री मला तिथं राहू द्याल का?" त्यांनी बोंबील कापता कापता माझ्याकडे पाहिलं. "एकटी?" "एकटी." "ये," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कोयतीकडे वळल्या.

अर्नाळ्याचं बेट वैतरणेच्या मुखाशी आहे. होडीनं जेमतेम दहा मिनिटं. पोर्तुगीज त्याला गाईंचं बेट म्हणत. गावातले लोक बेट म्हणत नाहीत, 'किल्ला' म्हणतात. किल्ल्यात राहतो, किल्ल्यातून आलो, मुलगी किल्ल्यातच दिली. ग्रामपंचायतीचं नावसुद्धा अर्नाळा किल्ला. खरं तर घरं तटाच्या बाहेर आहेत, पण गावानं किल्ल्याचं नाव अंगावर घेतलंय ते कायमचं.

खोपी मावशींनी सांगितल्यापेक्षा साधी निघाली. बांबूचा कूड, वर झावळ्या, झावळ्यांवर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. जमीन वाळूचीच. एका कोपऱ्यात नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग, बोये, दोराची वेटोळी, गंजलेला नांगर. दुसऱ्या कोपऱ्यात माझ्यासाठी चटई आणि घडी केलेली गोधडी. दार म्हणजे एक फळकूट, ते बाजूला सरकवलं की समोर पाणी. सगळ्या खोपीला जाळ्याचा वास होता, खारट, जुना, जरासा आंबूस. पहिल्या रात्री तो नाकात बसला. तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावरून परतत होते तेव्हा तो वास आला आणि मला आपोआप वाटलं, आलं घर.

झोपडीत एकटं राहण्याचं स्वप्न माझ्यात कुठून आलं, ते मला नीट ठाऊक आहे. कॉलेजात असताना दुर्गाबाई भागवतांचं 'वॉल्डनकाठी विचारविहार' हाती पडलं होतं. हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी अमेरिकेतल्या एका तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं दोन महिने राहिला. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हे त्यानं खिळ्यांच्या आणि चुन्याच्या हिशेबासकट लिहून ठेवलं. त्या हिशेबावर मी तेव्हा भाळले होते. एवढ्या कमीत माणूस राहू शकतो! पण अर्नाळ्याच्या खोपीत दुसऱ्या रात्री पडल्या पडल्या मला एक गोष्ट सुचली, जी पुस्तक वाचताना कधी सुचली नव्हती. तळ्याला भरती नसते. तळ्याकाठी एकदा जागा निवडली, की ती तुमची. समुद्राकाठची जागा दिवसातून दोनदा पाण्याला विचारावी लागते.

दशमीला समुद्र अगदी मवाळ होता. कोळी त्याला भांग म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, प्रवाहाला जोर नसतो. डोलीचं जाळं मोठ्या पिशवीसारखं असतं. ते समुद्राच्या तळाला रोवलेल्या खुंटांना बांधतात, तोंड प्रवाहाकडे. पाणी वाहील तशी मासळी आत शिरते आणि पाणी उलटायच्या आत जाळं उचलायचं. प्रवाहच नसेल तर जाळं लोंबकळतं. म्हणून त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर आडव्या आणि पुरुष सावलीत बसून जाळी तुणत होते. मी त्यांच्या सुया पाहत बसायचे. एका आजोबांची बोटं न पाहता गाठ मारत होती आणि ते बोलत होते नातवाच्या बारावीबद्दल.

त्रयोदशीला सगळं बदललं. पहाटे अंधारात माणसांच्या हाका, इंजिनांची धडधड, वाळूवर ओढले जाणारे दोर. उधाण लागलं होतं. मी दार सरकवून पाहिलं तर किनारा रिकामा आणि पाण्यावर दिव्यांची एक तुटक रांग वायव्येला सरकत चाललेली. दुपारी होड्या परतल्या, तेव्हा मी बायकांच्या रांगेत बसले. जवळा वेगळा, मांदेली वेगळी, बोंबील वेगळे. बोंबलात मांस थोडं आणि पाणीच फार, म्हणून त्याला वाळवायचं तंत्र आहे. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या दोरीवर टांगायची, एक इकडे, एक तिकडे. मावशी मिनिटाला कितीतरी जोड्या लावत होत्या. मी पहिल्या तासात चाळीसेक लावल्या असतील. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, बोटांना कळतात. "राहू दे ताई," मावशींची सून म्हणाली. मी राहू दिलं नाही. संध्याकाळी वलांड्यांतून वारा वाहू लागला तेव्हा हजारो बोंबील एकदम हलले आणि उन्हात त्यांच्या आरपार उजेड दिसला. एवढं सुंदर काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

किल्ल्यात मी रोज जायचे, बहुतेक दुपारी, सुकती लागल्यावर. १७३७ साली मराठ्यांनी हे बेट पोर्तुगिजांकडून घेतलं आणि पहिल्या बाजीरावांच्या आज्ञेनं तट उभा राहिला. दरवाज्यावरचा शिलालेख तसं सांगतो, शेजारी हत्ती आणि वाघ कोरलेले आहेत. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या किल्ल्याला पाहुण्यांची गर्दी असते, इथे शाळा सुटल्यावर पोरं क्रिकेट खेळतात. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि त्याच्यापुढे अष्टकोनी पुष्करणी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध हे गोडं. ज्यानं ही जागा किल्ल्यासाठी निवडली, त्यानं तोफांच्या आधी पाण्याचा विचार केला असणार. तटाच्या कडेनं भाजीचे वाफेही आहेत. मी तटावर बसून खाली पाहायचे. एका बाजूला वैतरणेचं गढूळ मुख, दुसऱ्या बाजूला अर्नाळ्याची सुरूची झाडं, आणि बेटाच्या टोकाला किल्ल्यापासून सुटा पडलेला तो गोल बुरूज, घरातून रुसून बाहेर बसलेल्या माणसासारखा.

रात्री मात्र मी खरोखर एकटी असायचे. आठनंतर जमिनीवरचा मतलई वारा सुटायचा, कूड करकरायचा. पहिल्या दोन रात्री भीती वाटली, हे खरं. मग भरतीचा आवाज कानांना ओळखीचा झाला. चढत्या पाण्याचा आवाज भरीव असतो, उतरत्या पाण्याचा वाळू ओढून नेल्यासारखा. डोळे मिटून मला कळू लागलं, आता पाणी कुठल्या बाजूला चाललंय. सव्वीस वर्षं गाडीच्या आवाजावरून फास्ट की स्लो हे ओळखणाऱ्या कानांना हे शिकायला चार दिवस लागले.

पौर्णिमेच्या रात्री मावशी न बोलावता आल्या. हातात बॅटरी, अंगावर शाल. हिवाळ्यात रात्रीची भरती मोठी असते आणि पावसाळ्यात दिवसाची, हे मला त्यांनीच त्या रात्री सांगितलं. इथल्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. अकरानंतर आम्ही दारात बसून पाहत होतो. चांदणं इतकं स्वच्छ, की येणाऱ्या प्रत्येक लाटेची कड दिसत होती. पाणी दाराशी आलं, फळकुटाला टेकलं, आणि चटईची एक बाजू भिजली. मी उठू लागले. मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बस. आज एवढंच. पुढच्या अवसेला बघायचं."

मग त्यांनी बॅटरीचा झोत समोरच्या पाण्यावर टाकला. "इथं माझं सासर होतं," त्या म्हणाल्या. झोत थोडा पुढे सरकला. "तिथं दीराचं घर. त्याच्यापुढं विहीर. त्याच्यापुढं वलांड्या." त्या दाखवत होत्या ते सगळं पाणीच होतं. दर पावसाळ्यात समुद्र बेटाची कड खातो आणि त्याच्याबरोबर घरं जातात. गावकरी वैतरणेच्या खाडीतल्या रेतीउपशाकडे बोट दाखवतात, धूपप्रतिबंधक बंधारा मागतात, कुठे बांधलेला तुटतो, कुठे बांधायचा राहतो. मावशींच्या बोलण्यात राग नव्हता आणि तो नसणं मला सहन होत नव्हतं. एका बाईला आपलं लग्नघर बॅटरीच्या उजेडात पाण्यावर दाखवावं लागतं, यावर कुणीतरी रागावलं पाहिजे. मी रागावले आहे. म्हणून हे लिहिते आहे.

पहाटे पाणी बरंच मागे गेलं होतं. दारापुढच्या ओल्या वाळूत खेकड्यांनी नक्षी काढली होती आणि मासळीच्या आशेनं कुरव पक्षी उतरले होते. मी चटई उन्हात घातली, सुकेळ्यांचा उरलेला पुडा मावशींच्या नातवाला दिला आणि पहिल्या होडीनं निघाले.

परवा बाजारात मावशी भेटल्या. मी बोंबील घेतले, त्यांनी दोन जास्त टाकले. खोपी कशी आहे, मी विचारलं. होळी झाल्यावर मुलांनी ती उचलून चार हात मागे घेतली आहे. तिच्या मागे आता मावशींचं राहतं घर आहे.